मॅगझिन, नग एक

"पिस्तूल माझं हाय. मॅगझिन माझं न्हाई," सुभेदार हैबतराव निकम म्हणाले आणि रुमालात बांधलेलं पिस्तूल त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवलं. आपटलं नाही, अलगद ठेवलं. फौजी माणूस कितीही चिडला तरी हत्यार आपटत नाही. चिडले होते मात्र खरंच. पंचाहत्तरीच्या त्या माणसाच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. मागे त्यांच्या पत्नी पारूबाई पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या.

साताऱ्यात आमचं बंदुकांचं दुकान. विक्री, दुरुस्ती, जुन्या हत्यारांचे सुटे भाग. यजमान गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला, त्यालाही तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी निम्मं गिऱ्हाईक आत येऊन "मालक कुठं आहेत?" असंच विचारायचं. मी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवायची. मग गिऱ्हाईक ओशाळायचं आणि घासाघीस कमी करायचं. सुभेदारांनी असला प्रश्न कधी केला नाही. ते मला पहिल्यापासून 'पोरी' म्हणायचे आणि कामाचं बोलायचे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. विधानसभेची निवडणूक नुकतीच पार पडली होती. निवडणूक लागली की परवानाधारकांनी आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची, हा नेम आहे. सुभेदारांनी आपलं पिस्तूल तालुक्याच्या ठाण्यात जमा केलं होतं. कुठला तालुका ते मुद्दाम सांगत नाही.

मी पिस्तूल हातात घेतलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि मुठीतून मॅगझिन ओढून काढलं. मॅगझिन म्हणजे काडतुसांची उभी डबी. मुठीत खालून सरकवायची. ती नसेल तर भल्याभल्या पिस्तुलाचा पेपरवेट होतो. सुभेदारांचं पिस्तूल इटालियन बनावटीचं, बत्तीस बोअरचं. महायुद्धात आफ्रिकेतल्या लढाईनंतर शरण आलेल्या एका इटालियन अधिकाऱ्यानं ते त्यांच्या हाती दिलं होतं. पुढे रीतसर परवाना झाला. ते मी दोन-तीनदा साफ करून दिलेलं, त्यामुळे ओळखीचं होतं.

आणि हातात आलेली डबी साध्या पत्र्याची होती! मागच्या बाजूला डाग दिल्याची शिवण उघडी दिसत होती. वरचे ओठ, जे काडतूस धरून ठेवतात, ते कानशीनं कसेतरी घासलेले. आतली स्प्रिंग इतकी मऊ की बोटानं दाबली तर वर यायचं नावच घेईना.

"हे कुणी दिलं तुम्हाला?" मी विचारलं.

"फौजदारानं. वाघचौरेनं. म्या म्हनलं, ह्ये माझं न्हाई. तर पावती दाखिवतोय. पिस्तूल नग एक, मॅगझिन नग एक. म्हनला, 'एक दिलं होतं, एक घ्या. एकाला एक. सही करा.' म्या न्हाई केली. पिस्तूल उचललं आन् निघालो."

"मग?"

पारूबाई पुढे आल्या.

"मग काय, दुसऱ्या दिशी हवालदार गावात आला. चावडीवर, समद्या लोकांम्होरं वाचून दावलं. काय तर म्हनं, ह्यांनी खरं मॅगझिन बाहीर कुनाला तरी इकलं आन् ठान्यात खोटं जमा केलं. खुलासा द्या, न्हाई तर परवाना जाईल आन् केस हुईल."

मला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारलं. त्यांनी तेच सांगितलं.

सुभेदारांच्या गावात, जाईचीवाडीत, घरटी एक माणूस फौजेत. तिथं माणसानं दारू प्यालेली खपते, भावाशी बांध कोरण्यावरून भांडलेलं खपतं. पण शिपायानं आपलं हत्यार विकलं, हे शब्द त्या गावात कुणाबद्दल उच्चारलेलेही मी ऐकले नव्हते. आणि ते उच्चारले कुणाबद्दल, तर गावातली निम्मी पोरं ज्यांनी पहाटे पळवून पळवून भरतीसाठी तयार केली त्या माणसाबद्दल!

"काल पोरं पळायला आली न्हाईत," सुभेदार म्हणाले. "एक बी न्हाई आलं."

एवढंच बोलले आणि बाकावर बसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "सुभेदार, हे मॅगझिन नकली आहे असं मी दुकानाच्या शिक्क्यानिशी लिहून देते."

"त्ये तर फौजदार बी म्हनतोय, नकली हाय. नकली कुनी घातलं, त्ये कोन सांगनार?"

खरंच होतं. मग मी माझ्या परीनं काम सुरू केलं. अस्सल मॅगझिन कुठून तरी मिळवायचं. निदान परवाना तरी वाचेल, बाकीचं पुढे बघू, असा माझा हिशेब.

जुन्या लष्करी पिस्तुलाचं मॅगझिन मिळवणं म्हणजे नुसतं नाव सांगून मिळत नाही. नाव सांगितलं की विक्रेते हटकून भलतंच पाठवतात. त्याच कंपनीचं, त्याच वळणाचं, पण थोड्या जाड काडतुसाचं पिस्तूल असतं; त्याचं मॅगझिन बाहेरून जुळं वाटतं आणि आत घातलं की काडतूस वाकडं वर येतं. म्हणून मी पोस्टकार्डावर मॅगझिन आडवं ठेवून पेन्सिलीनं त्याची कड काढायची, तळाचा आकार वेगळा काढायची, भोकं कुठे, शिक्का कुठे ते खुणवायची आणि मग पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या दुकानदारांना पाठवायची. इथं तर कड काढायला मूळ मॅगझिनच नव्हतं. मी मुठीच्या आतली मापं घेतली आणि सुभेदारांना म्हटलं, "आठवेल तसं सांगा."

त्यांनी डोळे मिटले. "तळाला म्होरल्या बाजूस आकडा. करंगळी टेकायला. डाव्या अंगाला बारकी अक्षरं, निम्मी पुसलेली. आन् उजव्या अंगाला पाच खड्डे. गंजाचे. ह्या बयेची करणी."

"आता माझं नाव कशापायी?" पारूबाई म्हणाल्या.

"मग कुनाचं घिऊ? पोरी, दर खंडेनवमीला म्या पिस्तूल पाटावर ठिवतो. मॅगझिन काढून शेजारी. भरलेलं हत्यार पूजेला बी ठेवायचं न्हाई, ही आमची शिस्त. ही काय करती? ओल्या कुंकवाची पाच बोटं मॅगझिनला बी लावती. आन् दसऱ्याचं सोनं लुटून येईस्तोवर पुसू देत न्हाई! लोखंड हाय त्ये. चाळीस वर्सं सांगतुया, कोरडं लाव, कोरडं लाव."

"देवाला कोरडं कुंकू कोन लावतं?" पारूबाईंनी मलाच विचारलं.

त्या दिवशी त्या दुकानात कुणी हसलं असेल तर तेवढंच. दरवर्षी त्याच जागी पाच बोटं, त्याच जागी गंज, आणि सुभेदार तो काथ्यानं घासून काढायचे; त्यामुळे तिथं तूरडाळीएवढे पाच खळगे पडले होते. मी ते कार्डावर काढले नाहीत. नवं मॅगझिन शोधायचं तर जुन्याचे डाग कशाला दाखवायचे?

कार्डं गेली. उत्तरं येऊ लागली, तीही अपेक्षेप्रमाणे. एकाकडे जुळं होतं, एकाकडे जर्मन होतं, एकानं "तुम्ही पिस्तूलच विकता का?" असं विचारलं. त्याच सुमारास भाऊसाहेब रणनवरेंचा फोन आला.

भाऊसाहेब आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दोन गिरण्या, शाळा-कॉलेजच्या समित्या, आणि जुन्या हत्यारांचा नाद. सगळं परवान्यासह, काचेच्या कपाटात. त्यांच्याकडेही हेच इटालियन पिस्तूल होतं, पण विकत घेतलं तेव्हा त्याला मॅगझिन नव्हतं. ते शोधायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं आणि मला काही यश येत नव्हतं.

"वहिनी, शोध थांबवा," ते फोनवर म्हणाले. "मिळालं. अस्सल. या बघायला, चहा घ्या. थोडं कामही आहे."

मला आनंद झाला. खरंच झाला. ज्यानं यांना एक दिलं त्याच्याकडे दुसरंही असेल, पत्ता मागून घेऊ, अशा विचारात मी गेले. जाताना पेढे नेले होते. आजही ते पेढे आठवले की मला माझाच राग येतो.

बंगल्याच्या दिवाणखान्यात हिरव्या मखमलीवर ते मॅगझिन ठेवलं होतं. तळाला आकडा. डावीकडे निम्मी पुसलेली अक्षरं.

"उचला, उचला. बघा तर खरं," भाऊसाहेब म्हणाले.

मी उचललं आणि उलटवलं. उजव्या अंगाला एका रांगेत पाच खळगे होते.

"तेवढीच खोट आहे," ते म्हणाले. "कुणा अडाण्याकडे होतं. कसले डाग पाडलेत बघा. त्यासाठीच तुम्हाला बोलावलं. घासून, पॉलिश करून, परत निळसर रंग चढवून द्या. खळगे अजिबात दिसता कामा नयेत."

मी विचारलं, "कुणी दिलं?"

"आपले वाघचौरे. निवडणुकीत जमा झालेल्या हत्यारांत त्यांना दिसलं. माझा नाद त्यांना ठाऊक आहे. प्रेमानं दिलं हो. भला माणूस."

"आणि त्या पिस्तुलाचं काय?"

"मी कोल्हापुरात एक पत्र्याचं करून घेतलं होतं, तुम्हाला लाजेनं दाखवलं नव्हतं. ते त्यात घालायला वाघचौरेंना दिलं. एकाला एक. त्या म्हाताऱ्याला काय फरक पडतो? तो थोडाच गोळ्या झाडणार आहे! माझ्याकडे वस्तू जपली तरी जाईल."

हे सगळं ते पेढा खात सांगत होते. चोरी केली असं त्यांना वाटतच नव्हतं, आणि ह्याचाच मला जास्त संताप आला. लपवलं असतं, चाचरले असते, तर निदान मनाला काही टोचतंय असं तरी वाटलं असतं.

मी म्हटलं, "त्या म्हाताऱ्यावर, मॅगझिन विकलं म्हणून केस होतेय. चावडीवर वाचलंय. ठाऊक आहे तुम्हाला?"

त्यांनी हात झटकले. "ते वाघचौरे बघून घेतील. म्हाताऱ्यानं सही केली असती तर हे झालंच नसतं. उगीच ताणलं त्यानं."

मी मॅगझिन रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि उठले.

"किती दिवसांत होईल?"

"पॉलिशला नेत नाही, भाऊसाहेब. ज्याचं आहे त्याला द्यायला नेतेय."

ते हसले. "वहिनी, दुकानाचा परवाना दर खेपेला सुरळीत नवा होतो, तो कुणाच्या शब्दावर? यजमानांच्या माघारी मी कधी काही कमी पडू दिलं का तुम्हाला?"

"नाही. म्हणून तर पेढे आणले होते," मी म्हटलं आणि निघाले. पर्स मी छातीशी धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार, पारूबाई आणि मी ठाण्यात गेलो. सुभेदारांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि छातीवर पदकं लावली होती. वाघचौरेंनी आम्हाला उभंच ठेवलं. त्यांना भाऊसाहेबांचा फोन आधीच आलेला दिसत होता, कारण मी मॅगझिन टेबलावर ठेवलं तरी ते कुठून आलं हे त्यांनी विचारलं नाही.

"हे यांचंच कशावरून?" त्यांनी विचारलं.

पारूबाईंनी ते सरळ उचललं, डाव्या तळहातावर आडवं धरलं आणि उजव्या हाताची अनामिका एकेका खळग्यात टेकवत गेल्या. बोट जिथं पडायला हवं तिथंच खळगा होता. चाळीस वर्षांची सवय होती ती, बघावंही लागत नव्हतं.

"खंडेनवमीचं कुंकू हाय ह्ये," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचं."

सुभेदार त्यांच्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं ज्यावरून बायकोला बोल लावला, तेच आज त्यांच्या बाजूनं साक्षीला उभं राहिलं होतं. ते सरकून पारूबाईंना लागून उभे राहिले.

वाघचौरेंनी मान डोलावली. अगदी मोकळेपणानं! "बरं झालं. मिळालं ना तुमचं? मग मिटलं. मॅडम, तुम्हीही कशाला एवढा त्रास घेतलात? बाबा, ही सही करा. 'हत्यार जसं जमा केलं तसं पूर्ण मिळालं, तक्रार नाही.' तारीख मागचीच राहू द्या, म्हणजे चौकशीचा कागद आपोआप निघून जाईल."

"आपोआप?" मी म्हणाले. "चोरी तुमच्या खोलीतून झाली आणि कागद आपोआप निघून जाईल?"

"शब्द जपून वापरा. हत्यारांच्या ढिगात अदलाबदल होते कधीकधी."

"ढिगातून भाऊसाहेबांच्या मखमलीवर जाऊन पडतं का?"

सुभेदारांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचा आवाज एकदम शांत झाला होता.

"साहेब, सही करतो. तारीख आजची घाला. आन् तुमचा हवालदार ज्या चावडीवर म्हनला न्हवं, की निकमानं हत्यार इकलं, त्याच चावडीवर यिऊन तुमी सांगा, की न्हाई इकलं. दोन शब्द. मग आपलं मिटलं."

"मी? तुमच्या गावात येऊन?" वाघचौरे हसले. "बाबा, खात्याला असली कामं नसतात. मॅगझिन पाहिजे होतं, मिळालं. आता काय आरती ओवाळू?"

सुभेदारांनी रुमाल सोडला. पिस्तूल टेबलावर ठेवलं, त्याच्या शेजारी ते मॅगझिन ठेवलं आणि दोन्ही अलगद वाघचौरेंकडे सरकवलं.

"ह्ये ज्यानं माझ्या हातात दिलं, तो दुश्मन हुता," ते म्हणाले. "आमी त्याची मानसं मारली हुती, त्यानं आमची. पर देताना त्यानं मॅगझिन काढून येगळं दिलं, नळी खाली धरली, आन् सलाम केला. पुरं हत्यार दिलं, साहेब. त्ये आपल्या मानसांत यिऊन अर्धं झालं."

वाघचौरेंनी पिस्तूल परत त्यांच्याकडे सरकवलं.

"राहू द्या तुमच्याकडंच. आळ असलेल्या मानसाच्या घरात हत्यार शोभत न्हाई. ज्या दिशी चावडीवर याल, त्या दिशी घिऊन या. पावती लिवा. पिस्तूल नग एक, मॅगझिन नग एक. आन् उजव्या अंगाला पाच खड्डे, त्ये बी लिवा."

लिहून घेतल्याशिवाय ते हलले नाहीत. मग पारूबाईंना "चल" म्हणाले आणि पदकं लावलेली छाती तशीच ताठ ठेवून बाहेर पडले. पायऱ्या उतरताना मात्र त्यांनी पारूबाईंच्या खांद्याचा आधार घेतला.

मी वरच्या कार्यालयात अर्ज केला. त्याचं पुढे काही झालं नाही. माझा परवाना त्या वर्षी कित्येक महिने अडकला, दुकानाला कुलूप लागलं. पेटीत जपून ठेवलेलं मंगळसूत्र मोडून ते दिवस काढले. भाऊसाहेबांचा त्याच वर्षी कुठल्याशा समारंभात जुन्या वस्तूंचे जतनकर्ते म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मी पेपरात फोटो बघितला आणि त्या पानानं बंदुकीची नळी पुसली.

गावातली पोरं परत पळायला आली. सगळी नाही. काहींच्या आयांनी सोडलं नाही. चावडीवर जे वाचलं गेलं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. मी आणि पारूबाईंनी जे सांगितलं ते ज्यांना आमच्यावर विश्वास होता त्यांनीच ऐकलं. सुभेदार दोन वर्षांनी गेले. तिरंग्यात गेले, पण मयताला आलेल्या माणसांत एकजण हळू आवाजात दुसऱ्याला ती पिस्तुलाची भानगड सांगत होता, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी तिथंच त्याला खडसावलं. मयतात बायकांनी आवाज चढवायचा नसतो म्हणे.

वाघचौरेंची बदली झाली. पुढे एक तरुण अधिकारी आला. भला होता, हे मी मान्य करते. जुनी हत्यारं निकाली काढताना त्याला ते पिस्तूल सापडलं, पावती सापडली. सुभेदारांच्या फौजेतल्या मुलाच्या नावे परवाना करून घ्यायची खटपटही त्यानंच केली. एक दिवस दुकानात येऊन म्हणाला, "ताई, तुम्ही सोबत चला. मी स्वतः नेऊन देतो आजींना."

आम्ही गेलो. पारूबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. त्यांनी आम्हाला बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं. अधिकाऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली, पेटी उघडली, पिस्तूल दाखवलं, मॅगझिन दाखवलं, खळगेही दाखवले.

"सगळं बरोबर आहे ना, आजी?"

"बरुबर हाय," पारूबाई म्हणाल्या. "चावडीवर जाऊन आलासा न्हवं?"

तो गोंधळला. मी त्याला वाटेत सगळं सांगितलं होतं, पण त्यानं ते जुनी हकीकत म्हणून ऐकलं होतं.

"नाही आजी, थेट तुमच्याकडेच आलो."

"मग अदुगर तिथं जावा. तिथं आळ घेतला, तिथंच उतरवायचा. माझ्या दारात न्हाई."

"आजी, ते अधिकारी वेगळे होते. मी तेव्हा इथं नव्हतो."

पारूबाईंनी त्याच्या मांडीवरच्या टोपीकडे बोट दाखवलं. "टोपी तीच हाय न्हवं?"

चावडी तिथून हाकेच्या अंतरावर होती, पारावर चार माणसं बसलेलीही दिसत होती. मला वाटलं, आता हा उठतो आणि जातो. मी मनातून त्याला ढकलत होते. त्यानं पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाला, "खात्याच्या वतीनं असं जाहीर बोलायचं म्हणजे मला वर विचारावं लागेल."

"इचारा," पारूबाई म्हणाल्या. "म्या हाय हितंच."

तो पेटी घेऊन गेला. पारूबाई पुन्हा शेंगा फोडायला बसल्या.

त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. पारूबाई आता नव्वदीच्या आहेत, आणि वर विचारायला गेलेला माणूस अजून आलेला नाही.